घंटावादनाच्या सरावाला 'रिंगिंग रूम' कितपत पुरते?

कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या मनोऱ्यात 1904 साली इंग्लंडच्या टेलर ओतशाळेतून आलेल्या 8 घंटा आहेत. पण घंटा असल्या म्हणजे शिकवणारे असतातच असं नाही. दोर ओढून घंटा पूर्ण फिरवायची आणि दर फेरीला (म्हणजे सगळ्या घंटा एकेकदा वाजल्या की) वाजण्याचा क्रम बदलायचा, ही इंग्लिश पद्धत शिकवणारा वर्ग मुंबईत मिळणं कठीण. अशा शिकणाऱ्यांसाठी 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या काळात सुरू झालेली, नेटवरून एकत्र घंटा वाजवू देणारी 'रिंगिंग रूम' ही मोफत वेबसाइट खरंच कामाची आहे.

साइटवर आपला आभासी मनोरा तयार करायचा, 6 घंटा निवडायच्या आणि मनोऱ्याचा क्रमांक सोबत्यांना पाठवायचा. घंटा स्पेसबारने किंवा J ने वाजते. दोन घंटा घेतल्या तर F आणि J. माणसं कमी पडली तर 'व्हीटली' हा संगणकी वादक उरलेल्या घंटा सांभाळतो. मुंबईत एकट्यादुकट्याला यासारखा आधार नाही.

सुरुवात 'प्लेन हंट'पासूनच करा, म्हणजे प्रत्येक घंटा क्रमात एकेक जागा सरकत शेवटी जाते आणि तशीच परत येते तो सर्वांत साधा प्रकार. 6 घंटांवर 12 फेऱ्यांत मूळ क्रम परत येतो. पहिल्या घंटेच्या दर फेरीतल्या जागा अशा: 2, 3, 4, 5, 6, 6, 5, 4, 3, 2, 1, 1. हे आकडे तोंडाने म्हणत वाजवा. कुणाच्या मागून वाजवायचं याची यादी पाठ करणारे हमखास अडकतात, कारण एक जण चुकला की अख्खी यादी कोलमडते. जागा मोजणारा पुढच्याच फेरीत सावरतो.

तालाचं गणित तबला ऐकणाऱ्याला लगेच कळेल. दोन फेऱ्यांचे 12 ठोके आणि एक रिकामी मात्रा, असं 13 मात्रांचं आवर्तन. नेहमीच्या गतीत एक मात्रा साधारण सेकंदाचा तिसरा भाग. इथेच नेट दगा देतं. उशीर सारखाच असेल तर बटण तेवढं आधी दाबायची सवय होते. उशीर कमीजास्त होत राहिला तर कान बिघडतो. म्हणून लोकलमध्ये मोबाइल डेटावर सराव नको. ब्लूटूथ हेडफोन आणखी उशीर वाढवतात, वायरवालेच लावा. कुणाची घंटा चुकून जास्त वाजली आणि पडद्यावरचे दोर उलटसुलट दिसू लागले, तर सगळे दोर सुरुवातीच्या स्थितीत आणणारं 'सेट अ‍ॅट हँड' हे बटण दाबून नव्याने सुरुवात करा.

दोर मात्र ही साइट शिकवत नाही, शिकवू शकतही नाही. दोरावरची लोकरी मूठ वेळेवर सोडणं, दोराच्या शेपटाकडून, म्हणजे खालच्या टोकाकडून, घंटेचा तोल ओळखणं हे हातालाच कळतं. घंटा जोरात ओढली तर तिला उभी धरणारा लाकडी दांडा मोडतो आणि दोर हाताला हिसका देत वर जातो. हे शिक्षक शेजारी उभा असतानाच करायचं. इंग्लंडला जाणं झालंच, तर पहिले तास निव्वळ एका घंटेच्या दोरावर घालवा. प्लेन हंट तोवर कानात बसलेला असेल.