दर महिन्याची गोळी की आजार झाल्यावर उपचार?

सांगलीवाडीच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, मोत्याला हृदयातल्या जंतावरची गोळी दर महिन्याला द्यायची, की झालंच काही तर बघायचं?"

आधी खर्च. गोळीची किंमत कुत्र्याच्या वजनावर ठरते आणि ती थोडी थोडी जाते. उपचारात रक्ततपासणी, एक्स-रे, महिनाभर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, मग मोठे जंत मारणाऱ्या मेलार्सोमिनची 3 इंजेक्शनं, असा बोजा एकदम पडतो. हे इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळतही नाही.

पण मला पैशापेक्षा त्या जिवाचे हाल जास्त लागतात. मेलेले जंत फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून कुत्र्याला कित्येक महिने पळू द्यायचं नाही. उसात हुंदडणाऱ्या मोत्याला बांधून ठेवायचं कसं?

गोळीलाही मर्यादा आहे. ती डासातून आलेल्या कोवळ्या अळ्या मारते. जंत मोठा व्हायला साधारण 6 महिने लागतात, पुढे तो 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तिथे गोळी पुरत नाही. गुरांचं आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध तर अंदाजाने कधीच देऊ नका.

पिल्लू असेल किंवा कुत्रा रात्री अंगणात झोपत असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी. मोठ्या कुत्र्याची आधी तपासणी. खोकला, धाप दिसत असेल, तर थेट डॉक्टरांकडे, तपासणी करून उपचार.