धरायचं काय, सोडायचं काय: व्हिडिओ पोकरच्या सराव ॲपचे सहा महिने

पोळ्याच्या करीला भाच्यानं हे ॲप माझ्या मोबाइलात टाकून दिलं. तो अमरावतीला संख्याशास्त्र शिकतो. करीला आमच्या दारव्हा भागात ठिकठिकाणी तीन पत्ती बसते आणि मी त्यातलाच. मला म्हणाला, "मामा, तुम्हाला पत्ते लक्षात राहतात, पण हातातला पत्ता सोडायला तुमचं मन होत नाही. हे महिनाभर खेळून पाहा." महिन्याचे सहा महिने झाले. आता होळी तोंडावर आहे आणि ॲपच्या नोंदीत माझे २१,००० हात जमा आहेत.

पैसे लावायची सोय यात नाही, फक्त गुण आहेत. म्हणूनच ठेवलं. पैशांचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद केले आहेत, तेव्हा याच खेळाची पैसेवाली लिंक कोणी पाठवली तर तिला हात लावू नका.

वापर मुख्यतः हरभऱ्याच्या जागलीत झाला. रानडुक्कर आणि रोही एका रात्रीत अर्धं वावर साफ करतात, त्यामुळे माळ्यावर जागंच राहावं लागतं. आमच्या वावरात नेट येत नाही. हे ॲप नेटशिवाय चालतं, बॅटरीही फार खात नाही. रात्री दीडशेपर्यंत हात सहज होतात.

खेळ असा, की ५ पत्ते येतात. हवे ते धरायचे, नको ते टाकायचे, टाकले तितके नवे मिळतात आणि जे बनेल त्याचे गुण तक्त्याप्रमाणे. समोर माणूस नाही, ब्लाइंड नाही, शो नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात ही मशीन आली, साय रेड यांच्या कंपनीचं १९७९ चं 'ड्रॉ पोकर' त्यातलं गाजलेलं. स्लॉट मशीनच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. इथे ५२ पत्त्यांचा सरळ कॅट असतो, म्हणून हिशेब मांडता येतो. पहिल्या ५ पत्त्यांचे हात २५,९८,९६० होतात. प्रत्येक पत्त्याला धर किंवा सोड असे दोनच रस्ते, म्हणजे एका हाताला ३२ पर्याय. या ३२ पैकी प्रत्येक पर्यायाला सरासरी किती गुण मिळतील ते ॲप काढून ठेवतं. आपला पर्याय बरोबर असला तर हिरवी पट्टी येते, चुकला तर लाल, आणि किती घाटा झाला तो आकडा. पहिल्या रात्री १०० हातांत माझ्या २३ लाल पट्ट्या होत्या.

तीन पत्तीवाल्यांनी एक गोष्ट आधीच डोक्यात घालून घ्यावी. आपल्याकडे रन (ओळीनं येणारे पत्ते) कलरपेक्षा (सगळे एकाच चिन्हाचे पत्ते) मोठी. इथे उलटं, कलरला ६ आणि रनला ४. मला हे आठवडाभर पटत नव्हतं. मग भाच्यानं फोनवर आकडे सांगितले. ३ पत्त्यांत साधी रन ७२० प्रकारे बनते आणि कलर १,०९६ प्रकारे, म्हणून तिथे रन दुर्मिळ. ५ पत्त्यांत रन १०,२०० प्रकारे बनते आणि कलर ५,१०८ प्रकारे. पत्ते तेच, पण पाचाचा हात झाला की दुर्मिळ काय ते पालटतं.

आता ज्या हातानं मला हा खेळ समजला तो सांगतो. बदामचे एक्का, बादशहा, राणी, गुलाम आणि बदामचाच चौका. कलर बनलेला आहे, ६ गुण पक्के. मी धरला आणि लाल पट्टी आली. ॲपचं म्हणणं, चौका टाका आणि बदामच्या दश्शासाठी जा. मला वाटलं ॲप बिघडलं.

शेजारच्या वावरातले काका त्या रात्री आमच्या शेकोटीला आले होते. तेही म्हणाले, "हातातला कलर कायले मोडतं बाप्पा?" मग आम्ही दोघांनी घोंगड्यावर हरभऱ्याचे ४७ दाणे मांडले, कारण आपले ५ गेल्यावर कॅटात ४७ पत्ते उरतात. एक दाणा बदामच्या दश्शाचा, त्याला रॉयल फ्लशचे ८००. ७ दाणे उरलेल्या बदामचे, प्रत्येकी ६, म्हणजे ४२. ३ दाणे बाकीच्या दश्शांचे, रन बनते, १२. एक्का, बादशहा, राणी, गुलाम यांचे उरलेले १२ पत्ते जोडी देतात, १२ गुण. आणि २४ दाणे कोरडे. बेरीज ८६६, भागिले ४७, म्हणजे १८.४३. हातातला कलर ६ चा.

काका बराच वेळ त्या २४ दाण्यांकडे पाहत होते. "म्हंजे अर्ध्याहून जास्त वेळा काहीच नाही भेटत," ते म्हणाले. बरोबर आहे. ४७ पैकी २४ वेळा हातचा कलरही जातो आणि काहीच येत नाही. तरीही चौका टाकणंच बरोबर. त्या रात्री आम्ही दोघंही गप्प बसलो होतो, आणि मला आठवत होते माझे करीचे सगळे डाव.

आमच्या बैठकीत डावाचा निवाडा निकालावरून होतो. जिंकला तो हुशार, हरला तो वेडा. धूळपेरणीचंही तसंच. मृग बरसला की गाव म्हणतं काय अंदाज आहे गड्याचा, पावसानं दडी मारली की म्हणतं घाई केली. पेरणाऱ्यानं तर दोन्ही वर्षी सारखाच विचार केलेला असतो. या ॲपमध्ये हिरवी पट्टी आणि शून्य गुण एकाच वेळी दिसतात. तुम्ही बरोबर धरलं आणि काही मिळालं नाही, या दोन गोष्टी ते वेगवेगळ्या दाखवतं. ४३ वर्षांत हे मला कोणी असं दाखवलं नव्हतं.

बाकीच्या सवयी मोडायला वेगवेगळा वेळ लागला. ६-६-७-८-९ आले की मी रनकडे धावायचो. दोन्ही बाजूंनी उघडी रन असली तरी ८ पत्ते उपयोगाचे, ३२ भागिले ४७, म्हणजे ०.६८. छक्क्यांची जोडी ०.८२ देते, म्हणून जोडी धरायची. मात्र १०-गुलाम-राणी-बादशहा असे चार असतील तर तीन मोठे पत्ते जोडीलाही उपयोगी पडतात, सरासरी ०.८७ होते आणि लहान जोडी, म्हणजे गुलामाच्या खालची, सोडावी लागते. कलरचे चार पत्ते आणि लहान जोडी असेल तर कलरकडे जायचं, गुलामाची किंवा त्याच्या वरची जोडी असेल तर जोडीच धरायची, तिचे १.५४ असतात. हे दोन्ही लवकर बसले.

एक्का मात्र सुटत नव्हता. गुलामांची जोडी आणि सोबत एक्का आला की माझं बोट आपोआप एक्क्यावर जायचं. तीन पत्तीत एक्का म्हणजे बळ, तो टाकायचा विचारही येत नाही. इथे एक्का धरला की जोडीसाठी तीनऐवजी दोनच नवे पत्ते मिळतात. तिसरा गुलाम येण्याची वाट अरुंद होते. ॲपच्या चुकांच्या यादीत नोव्हेंबरपर्यंत ही एकच चूक सगळ्यात वर होती. शेवटी मी घरचा जुना कॅट घेऊन बसलो आणि प्रत्येक जोडीसोबत आलेला एक्का हातानं उचलून बाजूला टाकत गेलो. दोनशे वेळा तरी टाकला असेल. स्क्रीनवर जे होत नव्हतं ते हातानं झालं. तुमचीही अशी एखादी हट्टी चूक असेल तर खरा कॅट वापरून पाहा.

तक्त्याबद्दल थोडं. सेटिंगमध्ये गुणांचा तक्ता बदलता येतो आणि बरेच जण तिकडे बघतही नाहीत. फुल हाऊसला (एकाचे तीन आणि दुसऱ्याचे दोन पत्ते) ९ आणि कलरला ६ असेल तर एकही चूक न करता खेळल्यास १०० मागे ९९.५४ परत येतात. तेच ८ आणि ५ केलं की ९७.३०. पत्ते तेच, खेळणारा तोच. तासाला ४०० हात आणि हाताला ५ नाणी धरली तर २,००० नाणी लागतात. पहिल्या तक्त्यावर सरासरी ९ जातील, दुसऱ्यावर ५४. म्हणजे चांगल्या तक्त्यावरही मशीन थोडं थोडं घेतच असतं. हे आमच्या गावातल्या पोरांना मी मोबाइल दाखवून सांगतो. यात्रेत आकडा चालवणारा कोणीच तक्ता बाहेर लावत नाही, ते ऐकून त्यांना लगेच लक्षात येतं.

त्या ९९.५४ मधले जवळपास २ टक्के एकट्या रॉयल फ्लशचे आहेत आणि तो सरासरी ४०,००० हातांत एकदा येतो. मला अजून एकदाही आला नाही. भाच्यानं हिशेब करून सांगितलं की २१,००० हातांत तो न येण्याची शक्यताच अर्ध्याहून जास्त आहे. त्यामुळे काळजी नाही, पण वाट मी रोज पाहतो.

तक्रारी आहेत. सगळं इंग्रजीत आहे. मराठी करायला फार शब्द लागणार नाहीत, पन्नासेक असतील, बनवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. आकडा दाखवतात पण कारण सांगत नाहीत. मला भाचा होता, ज्याला कोणी नाही त्यानं कोणाला विचारावं? जानेवारीच्या अपडेटमध्ये एकूण हात राहिले पण चुकांची यादी पुसली गेली. माझ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट तीच होती, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून लाल पट्ट्या वहीत लिहितो. आणि पार्श्वभूमी इतकी उजळ आहे की अंधारात मोबाइल बंद केल्यावर मिनिटभर धुऱ्यावरचं काही दिसत नाही. जागलीत ते चालत नाही.

आता १०० हातांत एखाददुसरी लाल पट्टी येते. गेल्या आठवड्यापासून यातलाच दुर्रीवाला प्रकार उघडला आहे, ज्यात चारही दुर्र्या जोकर असतात. दुर्री कधीच टाकायची नाही, एवढं लगेच कळलं. पण तिथल्या माझ्या तक्त्यावर दोन जोड्या आल्या की एक जोडी मोडायची असते. साध्या खेळात दोन्ही धरायला मी मोठ्या मुश्किलीनं शिकलो होतो. काल रात्री पुन्हा १९ लाल पट्ट्या आल्या. हरभरा पुढच्या आठवड्यात निघेल, तोपर्यंतच्या रात्री त्यालाच देणार आहे.