दहा-बारा गाड्यांचा डीलर: जुनी गाडी घ्यायला कसा?

शहरातून बाहेर निघणाऱ्या रस्त्याला पत्र्याची शेड, पुढे खडी टाकलेली जागा, त्यात दहा-बारा गाड्या, काचेवर मॉडेलचं वर्ष आणि ‘फर्स्ट ओनर’. पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठेही हे चित्र दिसतं. ऑनलाइन कंपन्या आल्या, कार कंपन्यांची जुन्या गाड्यांची दालनं आली, तरी हे छोटे डीलर टिकून आहेत. त्यातला चांगला माणूस सापडला तर आमचा कौल त्यालाच. गाडी कोणाकडून आली, ती कुठल्या गॅरेजला जायची, आधीचा मालक रोज हिंजवडीला जायचा की फक्त सुट्टीत गावी, हे त्याला माहीत असतं. ऑनलाइन कंपनीच्या लांबलचक तपासणी-यादीत ही माहिती सहसा मिळत नाही. मात्र कागदपत्रं आणि वॉरंटी या दोन ठिकाणी हेच डीलर कच्चे पडतात, आणि ग्राहकाचं नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं.

किमतीच्या आधी एक प्रश्न विचारा: गाडी तुमच्या मालकीची की ‘पार्क अँड सेल’? दुसऱ्या प्रकारात मालक गाडी विकायला आणून लावतो आणि डीलरला फक्त कमिशन मिळतं. त्यात वाईट काही नाही, पण मग पावती कोण देणार, जुना दोष निघाला तर कोण भरणार आणि नाव ट्रान्सफरला मालक उपलब्ध आहे का, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. स्वतःचे पैसे घालून घेतलेल्या गाडीची डीलरने आधी नीट तपासणी केलेली असते, म्हणून शक्यतो तीच घ्यावी. सरळ माणूस हा फरक लपवत नाही.

दुसरा प्रश्न अधिकृततेचा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणी झालेल्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते फॉर्म २९ बी मध्ये मिळतं आणि ५ वर्षं चालतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९ सी ने दिली की डीलर त्या गाडीचा मानीव मालक (कायद्याच्या नजरेत मालक) होतो आणि पुढच्या ट्रान्सफरचा अर्ज स्वतः करू शकतो. अनेक छोट्या डीलरांनी हे अजून केलेलं नसतं. ज्याने केलंय त्याला आम्ही सरळ एक पायरी वर ठेवतो. अशा ठिकाणी मालकाने कोऱ्या सह्या करून दिलेले फॉर्म २९ आणि ३० (नाव ट्रान्सफरचे फॉर्म) फाइलमध्ये पडून राहण्याचा प्रकार टळतो. त्या कोऱ्या फॉर्मवर गाडी तीन हात फिरते, आरसी पहिल्याच माणसाच्या नावावर राहते आणि ट्रान्सफरच्या वेळी ओटीपी कुणाच्या तरी बंद पडलेल्या मोबाइल नंबरवर जातो. जुनी गाडी याच डीलरला देऊन दुसरी घेणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं: आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलं आहे.

आता गाडी. सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी आमच्यासमोरच चालू करा. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा; गरम लागलं तर थंड इंजिनची अडचण लपवली जात असू शकते. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या फिरकीत सुरू व्हावं, टायमिंग चेनचा खडखडाट काही सेकंदांपुढे टिकू नये. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. तिथून दमदार धूर आणि दाब येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. तो खर्च छोटा नसतो. इंजिन थंड असतानाच कूलंटच्या टाकीत बघा. चहासारखा तपकिरी गाळ किंवा तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटची (इंजिनात ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणाऱ्या सीलची) शंका घ्या आणि तिथेच थांबा. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर कूलंट जळतंय, निळा दिसला तर ऑइल. डिझेलला जोरात रेस दिल्यावर थोडा काळा धूर चालतो, पण ढग निघाला तर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) तपासून घ्या.

बॉडी बघताना पुण्या-मुंबईच्या वाहतुकीतल्या गाडीचा बंपर रंगवलेला असेल तर मनाला लावून घेऊ नका. बघायचं ते खाली आणि आत. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टच्या कोपऱ्यावरचा रंग उडालाय का, म्हणजे ते कधी उघडलेत का. दाराचं रबर ओढून पिलरवरचे कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड शाबूत आहेत का. पुढच्या एप्रनला (बॉनेटखाली चाकाच्या आतल्या बाजूचा पत्रा) सुरकुती किंवा हातोड्याच्या खुणा आहेत का. स्टेपनी काढून डिक्कीचा तळ सपाट आहे का. रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर मिळाला तर उत्तमच: कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो, दुबार रंग २०० च्या पुढे, लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर आकडा त्याहून बराच वर जातो. छत दुबार रंगवलेलं निघालं तर कारण कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुराची गाडी हा आपल्याकडचा खास धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाण्याखाली गेलेल्या गाड्यांपैकी काही पुन्हा बाजारात फिरल्या असतील, हे गृहीत धरूनच बघा. एमएच ०९, १० किंवा ०८ पासिंग म्हणजे दोष नव्हे, पण तिथे थोडा जास्त वेळ द्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवर गंज, डॅशखालच्या कनेक्टरवर हिरवट बुरशी, कार्पेट उचलल्यावर येणारा कुबट वास ही बाकीची लक्षणं. पॉलिशने सीट चकाचक होते, पण वायरिंगमधली ओल जात नाही. सहा महिन्यांनी एअरबॅगचा किंवा एबीएसचा (ब्रेकच्या यंत्रणेचा) दिवा लागतो आणि मग त्याला अंत नसतो.

मीटर फिरवणं, म्हणजे किलोमीटरचा आकडा मागे नेणं, आजही चालतं. गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपची सर्व्हिस हिस्टरी मागवा. डीलरने ती आधीच छापून ठेवली असेल तर तो आपलाच माणूस. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. २०१८ ची गाडी, मीटरवर २८,००० आणि चारही टायर २०२२ चे, तर पहिले टायर कुठे गेले याचं पटेल असं उत्तर हवं. गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग आणि झिजलेलं क्लच पेडलचं रबर आकड्यापेक्षा जास्त बोलतं.

टेस्ट ड्राइव्हला चढ हवाच. चौथ्या गिअरवर ताशी ४० च्या आसपास पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपली. एएमटी (क्लच पेडल नसलेली ऑटोमॅटिक) असेल तर चढावर थांबवून पुन्हा पुढे घेऊन बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. गतिरोधकावरची धडधड लिंक रॉड किंवा लोअर आर्मच्या बुशची असेल तर खर्च किरकोळ. स्टिअरिंग रॅकची असेल तर किंमत उतरवून घ्या. सगळ्यात शेवटी गाडी तुमच्या मेकॅनिककडे लिफ्टवर. यासाठी जो डीलर दोन तास गाडी देत नाही, त्याचं बाकी कौतुक कितीही ऐकलं असलं तरी तिथून उठावं.

किमतीबाबत एक बदल ध्यानात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे ‘नवीन इतक्याला पडते’ हे गणित आजच्या ऑनरोड किमतीवरच करा. जीएसटी-नोंदणीकृत डीलरच्या मार्जिनवर १८ टक्के कर लागतो, पूर्ण किमतीवर नव्हे: त्याने ३,५०,००० ला घेऊन ३,९०,००० ला विकली तर कर ४०,००० वर, म्हणजे ७,२००. पूर्ण रकमेवर जीएसटी सांगून भाव चढवणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

कागदांत आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही चाव्या. एमपरिवहन या सरकारी ॲपवर बँकेचा बोजा दिसतो का पाहा. असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. ई-चलान थकलेलं नको. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी बसलेली हवी. सीएनजी किट आरसीवर चढलेलं आणि टाकीची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) झालेली हवी. दिल्लीहून आलेल्या गाडीला तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा एमएच नंबर लागतो. तो खर्च धरून ती खरंच स्वस्त पडते का ते बघा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला द्या. नो क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचाच राहतो, म्हणून ‘५० टक्के एनसीबी सोबत’ या बोलण्याला काही अर्थ नाही.

वॉरंटीबद्दल ‘काही झालं तर या, आपण बसलोय’ हे मनापासून म्हटलेलं असतं, तरी लिहून घ्यावं. इंजिन आणि गिअरबॉक्सची एक महिना किंवा १,००० किलोमीटर एवढी हमी चांगला छोटा डीलर बिलावर लिहून देतो. क्लच, बॅटरी आणि एसीची मागू नये, ती तो देऊ शकत नाही. इसार ५,००० पुरे, आणि पावतीवर ‘गाडीत मोठा दोष निघाल्यास परत’ असं लिहिलेलं असावं. ट्रान्सफरचं सरकारी शुल्क काही शेकड्यांत असतं, बाकी एजंटचं. दोन्ही आकडे वेगळे मागा. किमतीतले १०,००० ते १५,००० आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत राखून ठेवण्याची अट घाला. आरसी आली की उरलेले पैसे त्याच दिवशी चुकते करा. आपल्या बाजूने एवढा चोखपणा हवाच, कारण पुढची गाडी घ्यायला आणि ही विकायला त्याच शेडमध्ये जायचं असतं.