संस्थात्मक ग्राहकांना विचारायचं कसं: प्रश्नावली, मुलाखत की बाजारव्यापी अभ्यास?

एका पेन्शन फंडाने आमच्या असेट मॅनेजमेंट कंपनीच्या (म्हणजे इतरांचे पैसे गुंतवून सांभाळणाऱ्या कंपनीच्या) वार्षिक ऑनलाइन प्रश्नावलीत ‘तिमाही अहवालाचा दर्जा’ या प्रश्नाला सलग तीन वर्षं दहापैकी आठ गुण दिले होते. त्यामुळे त्या बाजूला कुणी लक्ष देत नव्हतं. चौथ्या वर्षी आम्ही बाहेरच्या मुलाखतकाराला त्यांच्याकडे पाठवलं. तिथे हिशेब-नोंदी सांभाळणाऱ्या बाईंनी आपला स्क्रीन त्याच्याकडे वळवला. आमच्या पीडीएफमधला एकेक आकडा त्या दर तिमाहीला हाताने एक्सेलमध्ये उतरवत होत्या, कारण त्यांच्या विश्वस्त मंडळाचा तक्ता वेगळ्या रचनेचा होता. त्यातून आमचा अहवाल पोहोचायचा तिमाही संपल्यावर कामकाजाच्या पंधराव्या दिवशी आणि मंडळाची कागदपत्रं बंद व्हायची बाराव्या दिवशी. म्हणजे दर वेळी आधी कच्चे आकडे मंडळापुढे जायचे आणि मग दुरुस्तीपत्र. आठ गुण दिले होते ते गुंतवणूक प्रमुखांनी. त्यांना अहवाल फक्त वाचायचा असे, उतरवून घ्यायचा नसे.

त्या फंडाला आकड्यांची साधी फाइल दहाव्या दिवशी पाठवायला आम्हाला जवळजवळ काहीच खर्च आला नाही. आकडे आमच्याकडे आठव्या दिवशीच तयार असत. आपण चुकीच्या माणसाला चुकीच्या पद्धतीने विचारत होतो, हे कळायला मात्र तीन वर्षं गेली.

असेट मॅनेजमेंट कंपनीत ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा निर्णय घ्यावा लागतो: पेन्शन फंड, विमा कंपन्या, एंडोमेंट (विद्यापीठांसारख्या संस्थांचे देणगी-निधी), सॉव्हरिन फंड (देशाच्या सरकारचे गुंतवणूक निधी) अशा ग्राहकांचं मत घ्यायचं ते कोणत्या मार्गाने? मार्ग साधारण चार आहेत. स्वतःची प्रश्नावली, त्रयस्थामार्फत सविस्तर मुलाखती, एखाद्या संशोधन संस्थेचा बाजारव्यापी अभ्यास, आणि मँडेट (म्हणजे ग्राहकाने पैसे सांभाळायला दिलेलं काम) मिळालं, हुकलं किंवा गेलं की काही आठवड्यांत केलेली चौकशी. माझं मत आधीच सांगून टाकतो. संस्थात्मक ग्राहक शंभराच्या आत असतील तर पैसा आणि वेळ मुलाखतींवर आणि मँडेटच्या चौकशीवर खर्च करा. प्रश्नावली त्यानंतर.

परतावा चांगला असला की पुरे, असं का नाही

कंपनीतले लोक हमखास म्हणतात, ‘परतावा दिला की ग्राहक राहतो, नाही दिला की जातो, विचारायचं काय त्यात?’ अमित गोयल आणि सुनील वहाल यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या लोकांपुढे ठेवावा. 1994 ते 2003 या काळात सुमारे 3,400 संस्थांनी गुंतवणूक व्यवस्थापक कसे नेमले आणि कसे काढले, हे त्यांनी तपासलं. संस्था व्यवस्थापक नेमतात ते त्याचा मागचा परतावा उत्तम असताना, पण नेमणुकीनंतर तो जादा परतावा टिकत नाही. काढून टाकण्यामागे खराब कामगिरी असते, तशी इतरही बरीच कारणं असतात.

टिम जेन्किन्सन, हॉवर्ड जोन्स आणि होसे व्हिसेंते मार्टिनेझ यांचा 2016 चा अभ्यास सल्लागारांवर आहे. संस्थांना व्यवस्थापक सुचवणारे हे सल्लागार मागच्या परताव्यापेक्षा इतर, मोजायला अवघड अशा गोष्टींकडे जास्त बघतात, असं त्यात दिसलं. गुंतवणुकीचे निर्णय कसे घेतले जातात याची स्पष्टता आणि सेवेचा दर्जा हे त्यातले काही घटक. सल्लागारांनी सुचवलेले फंड पुढे सरस ठरल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, पण पैसा मात्र त्या शिफारशींमागे गेला. पुढच्या तिमाहीचा परतावा कुणाच्या हातात नसतो. अहवालाची तारीख, पत्राचं उत्तर, बैठकीतलं स्पष्टीकरण हे सगळं आपल्या हातात असतं, आणि ते कुठे कमी पडतंय हे ग्राहकच सांगू शकतो.

स्वतःची प्रश्नावली

हा मार्ग स्वस्त, झटपट, आणि दर वर्षी तेच प्रश्न ठेवले तर कल दाखवणारा. ग्राहक शेकड्यांत असतील तर याला पर्याय नाही. अडचण येते ती संख्या लहान असली की.

समजा साठ संस्थांना प्रश्नावली पाठवली आणि तिसांनी भरली. वर ‘नेट प्रमोटर स्कोअर’ काढला. फ्रेड रायकहेल्ड यांनी 2003 साली मांडलेली ही मोजणी आज जवळपास प्रत्येक संचालक मंडळाला पाठ आहे: ‘आमची शिफारस कराल का?’ या प्रश्नाला 0 ते 10 गुण मागायचे, आणि 9 आणि 10 देणाऱ्यांच्या टक्केवारीतून 0 ते 6 देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची. तीस उत्तरांत एका माणसाने 9 ऐवजी 6 दिले की हा स्कोअर जवळजवळ 7 अंकांनी घसरतो. एका माणसाचा एक वाईट दिवस, आणि मंडळापुढे ‘घसरण का झाली’ यावर तासभर चर्चा! शिवाय या मोजणीत सगळ्यात मोठा ग्राहक आणि सगळ्यात लहान ग्राहक सारखेच मोजले जातात. एकाच संस्थेकडे तुमच्या व्यवस्थापनाखालच्या पैशाचा पाचवा हिस्सा असेल, तर तिचं मत सरासरीत विरघळू देणं धोक्याचं आहे.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये दाखवलं होतं की माणसाबद्दल एकंदर मत चांगलं झालं की त्याच्या प्रत्येक गुणाला आपण वाढीव गुण देतो. आमच्या धंद्यात हे दर तेजीत घडतं. बाजार चढला की अहवाल ‘सुबक’ होतात आणि रिलेशनशिप मॅनेजर ‘तत्पर’ होतो. बाजार पडला की तोच अहवाल ‘अपुरा’. यावर मला सापडलेला उपाय असा: मत विचारायच्या जागी घडलेली गोष्ट विचारायची. ‘आमच्या प्रतिसादावर समाधानी आहात का?’ हा प्रश्न काढून ‘शेवटचा प्रश्न तुम्ही कधी विचारलात आणि उत्तर किती दिवसांनी आलं?’ हा घालायचा. आणि गुण बघताना एकाच स्ट्रॅटेजीत पैसे असलेल्या ग्राहकांची तुलना आपसात करायची, म्हणजे परताव्याचा रंग बराचसा निघून जातो.

त्रयस्थाची मुलाखत

एका संस्थेत तीन-चार माणसांशी प्रत्येकी पाऊण तास बोलायचं: गुंतवणूक प्रमुख, हिशेब-नोंदी बघणारी व्यक्ती, जोखीम किंवा नियमपालन बघणारी व्यक्ती आणि जमलं तर एखादा विश्वस्त. यांना आपली सेवा चार वेगळ्या रूपांत दिसते. विश्वस्ताला दिसते ती वर्षातून एक-दोनदा होणारी सादरीकरणाची बैठक. नियमपालन बघणाऱ्याला दिसते ती गुंतवणुकीची ठरलेली मर्यादा ओलांडली गेल्यावर आपण किती तासांत कळवलं ती वेळ. यातल्या एकालाच विचारलं की उरलेल्या तिघांच्या तक्रारी मँडेट जाईपर्यंत कानावर येत नाहीत.

मुलाखत घेणारा बाहेरचा असावा, हे मी आग्रहाने सांगतो. रिलेशनशिप मॅनेजरने स्वतः विचारलं तर समोरचा संकोचतो. वर्षानुवर्षांची ओळख असते, आणि तोंडावर उणं बोलणं कुणालाच आवडत नाही. आमच्या त्याच फेरीत दुसऱ्या एका संस्थेने मुलाखतकाराला सांगितलं की आमचा माणूस प्रत्येक बैठकीत पहिली वीस मिनिटं जागतिक अर्थव्यवस्थेवर बोलतो, आणि त्यांना त्यांच्या पोर्टफोलिओबद्दल विचारायला पाच मिनिटं उरतात. हे त्याला समोरासमोर त्यांनी कधीच सांगितलं नसतं.

तोटे खरे आहेत. खर्च बराच येतो. ग्राहकाचा वेळ जातो, म्हणून दर वर्षी हे करता येत नाही. दोन वर्षांतून एकदा पुरतं. आणि मुलाखतकाराला धंद्याची भाषा येत नसेल तर सगळं पाण्यात. ट्रॅकिंग एरर (फंडाचा परतावा निर्देशांकापेक्षा किती वेगळा जातो त्याचं माप) म्हणजे काय हे त्यालाच समजावून सांगावं लागलं, की समोरच्याचा उत्साह तिथेच संपतो.

बाजारव्यापी अभ्यास

चार्ल्स एलिस यांनी 1972 साली स्थापन केलेली ग्रीनिच असोसिएट्स (आता क्रिसिल समूहातली कोअॅलिशन ग्रीनिच) ही या क्षेत्रातली ओळखीची संस्था. असे अभ्यास शेकडो संस्थांना त्यांच्या अनेक व्यवस्थापकांबद्दल एकाच साच्यात विचारतात. वर उल्लेखलेला 2016 चा अभ्यासही ग्रीनिचच्याच पाहण्यांमधल्या माहितीवर उभा आहे. याचा एक फायदा बाकीचे तीन मार्ग देऊ शकत नाहीत: स्पर्धकांच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते कळतं. आपल्याला दहापैकी आठ आणि बाकी सगळ्यांना नऊ, हे स्वतःच्या प्रश्नावलीत कधीच दिसणार नाही. आपले ग्राहक नसलेल्या संस्था आपल्याला कसं ओळखतात, हेही इथेच कळतं.

पण प्रश्न त्यांचे, वेळापत्रक त्यांचं. तुमच्या अहवालाची फाइल पंधराव्या दिवशी का येते, हे त्यात कुणी विचारणार नाही. कंपनी मोठी असेल, अनेक देशांत, अनेक प्रकारच्या संस्थांचे पैसे सांभाळत असेल, तर हा अभ्यास घ्यावा. लहान कंपनीबद्दल मत देणाऱ्या संस्थाच त्यात मूठभर निघतात, आणि मूठभर उत्तरांवरचा क्रम बघून धोरण आखू नये.

मँडेट गेल्यावर

सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा मार्ग. मँडेट गेलं की आत शांतता पसरते, कुणालाच त्यावर बोलायचं नसतं. पण जाणाऱ्या ग्राहकाला लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं. महिन्या-दीड महिन्यात, राग किंवा अवघडलेपण ओसरल्यावर, त्या मँडेटशी संबंध नसलेल्या वरिष्ठ माणसाने फोन करावा. परत या असं चुकूनही म्हणू नये. ‘मनातून निर्णय नक्की कधी झाला?’ एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर बहुतेक वेळा पत्रावरच्या तारखेच्या खूप आधीचं असतं, आणि त्या सुमाराला काय घडलं होतं ते शोधलं की खरं कारण सापडतं: फंड मॅनेजर सोडून गेल्याचं बातमीतून कळलं, शुल्काची चूक ग्राहकानेच शोधून दिली, असं काहीतरी. जिंकलेल्या मँडेटचीही अशीच चौकशी करावी. आपल्याला का निवडलं याबद्दल कंपनीत असलेली समजूत बऱ्याचदा चुकीची निघते.

निनावी की नावानिशी

सर्वेक्षण तज्ज्ञ निनावी ठेवायला सांगतात, कारण माणूस मोकळेपणाने बोलतो. वैयक्तिक ग्राहक हजारो असतील तर ते बरोबरच. पण साठ संस्थांमध्ये निनावी हा शब्द फसवा आहे. ‘सार्वजनिक पेन्शन फंड, मोठा, रोखे-मँडेट’ एवढं लिहिलं की कोण ते सगळ्यांना कळतं. आणि खरोखर निनावी ठेवलं तर त्या बाईंच्या तक्त्यासारखी तक्रार सोडवायची कुणाची, हेच कळत नाही. म्हणून मी दोन खणांची पद्धत सुचवतो. प्रत्येक उत्तराशेजारी ग्राहकाने ठरवावं: हे नावानिशी तुमच्या टीमला सांगा, किंवा हे फक्त एकत्रित निष्कर्षात घ्या. दुसऱ्या खणातलं मूळ उत्तर त्रयस्थाकडेच राहावं, विक्री विभागाला कधीही दिसू नये. हा शब्द एकदा मोडला की पुढच्या फेरीत सगळे सात-आठ गुण देऊन मोकळे होतात.

काही तक्रारी एका कंपनीच्या पाहणीने सुटणाऱ्या नसतात, हेही लक्षात घ्यावं. शुल्क प्रत्येक जण वेगळ्या रीतीने दाखवतो म्हणून संस्थांना तुलना करता येत नाही, ही तक्रार प्रायव्हेट इक्विटीत (शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडांत) वर्षानुवर्षं होती. गुंतवणूकदारांच्या इल्पा या संघटनेने 2016 मध्ये शुल्क कळवण्याचा सामायिक नमुना काढला, तेव्हा कुठे एक साचा मिळाला. तुमच्या मुलाखतींत अशी मागणी वारंवार आली तर आपला वेगळा नमुना बनवत बसू नका, असलेला सामायिक नमुना स्वीकारा.

कोणताही मार्ग घ्या, ग्राहकांना विचारायच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्या: उत्तरं आल्यावर काय बदलायचं, याचा अधिकार आणि खर्चाची तरतूद कुणाकडे आहे? हे ठरलेलं नसेल तर पाहणी पुढे ढकला. उत्तरं घेऊन सहा महिने गप्प बसणाऱ्या कंपनीबद्दल ग्राहकाचं मत पाहणीआधी होतं त्याहून खराब होतं. उत्तरं मिळाल्यापासून महिन्याभरात प्रत्येक संस्थेला पत्र जावं: तुम्ही काय सांगितलंत, त्यातलं काय करतोय, कधीपर्यंत, आणि काय करणार नाही व का. ‘करणार नाही’ हा भाग वगळू नका. ग्राहकाला नकार चालतो, मौन चालत नाही.

पहिल्याच फेरीची तयारी करत असाल तर पैशाने सगळ्यात मोठे आठ-दहा ग्राहक आणि गेल्या दोन वर्षांत गेलेले सगळे, एवढी यादी करा. प्रत्येक संस्थेत हिशेब-नोंदी बघणाऱ्या माणसाचं नाव शोधा. ते तुमच्याकडे बहुधा लिहिलेलंही नसेल. मुलाखतीची सुरुवात त्या व्यक्तीपासून करा आणि पहिला प्रश्न ठेवा: ‘गेल्या तिमाहीचा आमचा अहवाल हातात आल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय केलंत?’