शेजारच्या गावांशी सोयरीक की शहरात विलीनीकरण?

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातील शानफिग खोऱ्यात लहान ग्रामपालिकांनी टिकायचे कसे, या एकाच प्रश्नाची दोन उत्तरे शोधली गेली. पहिले डोंगरी गावांनी आपसांत एक होण्याचे : 1 जानेवारी 2013 रोजी लांगवीससह सात लहान ग्रामपालिका खोऱ्यातल्याच आरोसा या मोठ्या गावात विलीन झाल्या. दुसरे, पायथ्याच्या कूर शहराचा भाग होण्याचे. मालाडर्स या गावाने ते 2020 मध्ये स्वीकारले.

चिअर्चन या गावाने मात्र दोन्ही अनुभवले, म्हणून ते अधिक बोलके वाटते. 2009 मध्ये ते शेजारच्या प्राडेनशी जोडले गेले; पण दोन लहान गावे एकत्र आल्याने तिजोरी काही मोठी होत नाही आणि पदे सांभाळायला माणसे मिळण्याची अडचणही सुटत नाही. अखेर 1 जानेवारी 2025 पासून ही जोडपालिका कूरमध्ये सामावली.

शहराकडे जाण्यात प्रशासकीय बळ मिळते, मात्र ग्रामसभेत हात वर करून थेट निर्णय घेण्याचा हक्क सुटतो, कारण कूरचा कारभार 21 सदस्यांच्या नगरसभेकडे आहे. आरोसाच्या वाटेत डोंगराचे प्रश्न डोंगरातल्यांच्याच हाती राहतात; तरी पर्यटनावर जगणाऱ्या मोठ्या गावापुढे लहान वाड्यांचा आवाज क्षीण होण्याची शक्यता तिथेही आहेच. चिअर्चनपुरते बोलायचे, तर आरोसाची रेल्वे खोऱ्याच्या पलीकडच्या उतारावरून धावते आणि गावाची बस कूरला उतरते; त्यामुळे मला शहराचाच पर्याय अधिक स्वाभाविक वाटतो.