कोबोल क्लाउडवर न्यायचं, पण कोणत्या वाटेने?

बँकेचं कोअर, म्हणजे खाती-व्यवहार सांभाळणारं मूळ सॉफ्टवेअर, कोबोल या जुन्या भाषेत लिहिलेलं, मेनफ्रेम या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर आहे आणि ते क्लाउडवर हलवायचं वरून ठरलंय. समोर तीन वाटा असतात: आहे तसं उचलून नेणं, कोबोलचं जावात यंत्राने रूपांतर करणं, किंवा एकेक काम सुटं करून नव्याने बांधणं. खल होतो तो भाषेवर. गोची मात्र डेटात आणि रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या कामांत असते.

उचलून नेणं सगळ्यात लवकर होतं. तोच कोड लिनक्स सर्व्हरवर पुन्हा कम्पाइल करायचा. मेनफ्रेमचं वापरागणिक वाढणारं लायसन्स बिल थांबतं. पण मेनफ्रेमच्या एब्सिडिक संकेतात (अक्षरं-अंक साठवायच्या पद्धतीत) क्रम लावताना अक्षरं आधी लागतात, अंक नंतर. लिनक्सकडच्या आस्की संकेतात नेमकं उलटं. समजा, खाते क्रमांकात अक्षरंही आहेत, बॅचमधलं एक काम, म्हणजे जॉब, त्यावरून दोन सॉर्ट केलेल्या फाइली जुळवतं, आणि त्यातली एक अजून जुन्या क्रमानेच येते. जॉब कोसळत नाही. 'यशस्वी' म्हणून संपतो आणि जुळायला हव्या त्या नोंदी गाळून टाकतो. कोसळला असता तर निदान कळलं तरी असतं! शिवाय कोबोल जाणणारी माणसं निवृत्त होताहेत, ते दुखणं तसंच राहतं.

रूपांतराबद्दल माझं मत फारसं बरं नाही. हाती येतं त्याला या धंद्यात 'जोबोल' म्हणतात: कोबोलवाल्याला वाचता येत नाही, जावावाल्याला वाचवत नाही. त्यात आकडेमोडीचा घोळ. कोबोलमध्ये 'राउंडेड' लिहिलं नसेल तर जादा दशांश सरळ छाटले जातात, आणि कित्येक वर्षांचं व्याज त्याच हिशेबाने लागलेलं असतं. नव्या कोडमध्ये कुणी रक्कम 'डबल' या दशांश अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारात ठेवली किंवा शहाणपणाने राउंड केली, की ताळेबंद जुळत नाही.

एकेक काम सुटं करण्याला सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी 2004 साली 'स्ट्रँग्लर' हे नाव दिलं. आधी शिल्लक दाखवण्यासारखी नुसती वाचायची कामं बाहेर काढायची, खात्यात लिहिणारी सगळ्यात शेवटी. हीच वाट मला पटते, पण ती स्वस्त नाही. दोन्हीकडचा डेटा सतत जुळता ठेवावा लागतो आणि मेनफ्रेमचं बिल बराच काळ तसंच येत राहतं. सादरीकरणात हे शक्यतो कुणी बोलत नाही.

वाट कोणतीही असो, सगळे ग्राहक एका शनिवार-रविवारात हलवू नका. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये तसं केलं. ते मेनफ्रेम ते क्लाउड असं साधं प्रकरण नव्हतं, पण 52 लाख ग्राहकांपैकी बऱ्याच जणांना त्याचा फटका बसला. डिसेंबर 2022 मध्ये नियामकांनी 4.865 कोटी पौंड दंड केला.

डेटा सेंटरची मुदत वर्षभरात संपत असेल तर उचलून न्या, पण ती तात्पुरती सोय आहे असं लेखी ठरवून. व्याजाचे, शुल्काचे नियम वारंवार बदलत असतील तर सुटं करा. कोअर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतंय आणि अडचण फक्त मोबाइल ॲपला डेटा पुरवण्याची असेल, तर मेनफ्रेम राहू द्या, वर एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरला डेटा मागता येईल असा दुवा) बसवा. विक्रेत्याला मात्र आधीच विचारा: पॅरलल रनमध्ये, म्हणजे जुनं-नवं सोबत चालवून ताडण्यात, वर्षअखेरचा बॅच धरलाय का?