चार दिवसांची रजा: सवाई, पिफ की नाटक?

माझी आतेबहीण नागपूरला असते. दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले की तिचा फोन ठरलेला. "चारच दिवस रजा मिळतेय रे. सवाईला येऊ, पिफला येऊ, की सरळ नाटकं बघू? तू म्हणशील तसं." सवाई म्हणजे आमच्या पुण्यातला शास्त्रीय संगीताचा महोत्सव, पिफ म्हणजे इथलाच चित्रपट महोत्सव. एरवी मी काहीतरी ठोकून देतो. या वेळी विचार करावा लागला, कारण ताई एकटी येत नव्हती. सोबत आत्या. तिचा जन्म 1953 चा, म्हणजे सवाईएवढीच ती. गुडघ्यांची तक्रार जुनी. शिवाय अकरावीतला भाचा, ज्याला ख्याल सुरू झाला की गृहपाठ आठवतो.

ताईला जे सांगितलं, तेच इथे मांडतो. पुण्यात थंडीच्या दिवसांत काय पाहावं हे ठरवताना लोक आवडीपासून सुरुवात करतात: गाणं आवडतं की सिनेमा? माझ्या मते आधी दोन गोष्टी विचाराव्यात. किती वेळ बसवेल, आणि किती वाजेपर्यंत?

त्याआधी तारखा. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बुधवार ते रविवार असा पाच दिवस. पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, साधारण जानेवारीत. पण 2025 साली तो फेब्रुवारीत गेला होता, तेव्हा तारखा जाहीर झाल्याशिवाय रेल्वेचं आरक्षण करू नका. नाटकं तर चालूच असतात, शनिवार-रविवारी जास्त. थोडक्यात, सवाई आणि पिफ एकाच रजेत बसत नाहीत. एकाला नाही म्हणावंच लागतं.

सवाई: गाणं उत्तम, पाठ शाबूत हवी

पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये हा उत्सव सुरू केला. 2011 मध्ये भीमसेनजी गेले आणि उत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. अनेक वर्षं तो शनिवार पेठेत रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. पेठेतल्या जुन्या रसिकांना हा बदल अजून पचलेला नाही. चालत जाऊन चालत परत यायची सोय गेली, हे त्यामागचं खरं कारण. बाहेरगावच्या माणसाला मात्र मुकुंदनगरच बरं. स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे, तिथून रिक्षा जवळ पडते.

आत्या लग्नाआधी पुण्यात होती. तिच्या डोक्यातला सवाई म्हणजे रात्रभराचा सवाई. अंगावर शाल, पिशवीत थर्मास, पहाटे ललत किंवा तोडीसारखा सकाळचा राग, आणि फटफटल्यावर घरी. तो सवाई आता नाही, हे तिला स्पष्ट सांगावं लागलं. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते. ती सूट सवाईत साधारण शनिवारी वापरली जाते. त्यामुळे इतर दिवशी मैफल दुपारी सुरू होते आणि दहाच्या ठोक्याला थांबते.

तक्रार अशी की, यात सकाळचे राग उत्सवातून जवळजवळ हद्दपार झाले. फायदा मात्र फारसा कोणी बोलून दाखवत नाही. दुपार वाढली, आणि दुपारचे राग एरवी मैफलीत ऐकायला मिळतात कुठे? मैफली संध्याकाळी सहाला सुरू होतात, तोवर सारंग, भीमपलासी, मुलतानी यांची वेळ टळलेली असते. सवाईच्या पहिल्या सत्रात, बहुधा एखाद्या तरुण गायक-वादकाकडून, ते ऐकायला मिळतात. त्या वेळी मांडव अर्धा रिकामा असतो. मोठ्या नावांसाठी सातला येणारे लोक हे गमावतात आणि वर गाडी लावायला जागा नव्हती म्हणून कुरकुरतात.

म्हणून ज्याला एकच दिवस जमणार आहे त्याने शनिवार धरावा की रविवार? शनिवारी रात्री उशिरा मालकंस, दरबारी असं काहीतरी कानावर पडण्याची शक्यता असते, जुन्या सवाईची जरा झुळूक. रविवारी कार्यक्रम लवकर सुरू होतो आणि शेवटी सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातली भैरवी वाजते. हजारो माणसं त्या खरखरीत आवाजासाठी थांबून राहतात. मला विचाराल तर रविवार. शनिवारी बारा वाजता मेट्रो बंद झालेली असते आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करताना दरबारीचा सगळा दरारा उतरतो.

आता बसण्याचं. भारतीय बैठक सगळ्यात स्वस्त, मग खुर्च्या, मग सोफा. बैठकीत ओळखी होतात, शेजारची काकू न विचारता चिवडा पुढे करते, तानेला दाद द्यायला सोबत मिळते. पण सात-आठ तास मांडी घालणं म्हणजे थट्टा नाही. पाठीला लोड नसतो. आत्यासाठी खुर्चीच, तीही कडेची, म्हणजे मधे उठता येतं. पूर्ण पाच दिवसांचं तिकीट घेतलं म्हणजे पाचही दिवस जायलाच हवं, हा हट्ट सोडा. आणि डिसेंबरची पुणेरी थंडी नागपूरकरांना हसण्यासारखी वाटली, तरी मैदानात मांडवाच्या कडेने नऊनंतर जी बोचरी हवा शिरते तिला हसू नका.

आणखी एक, जे पाहुण्यांना माहीत नसतं. उत्सवाच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' आणि 'अंतरंग' हे कार्यक्रम होतात, पहिल्यात कलाकारांवरचे माहितीपट, दुसऱ्यात मुलाखती. पैसे लागत नाहीत. गाण्यातलं फार कळत नाही म्हणणाऱ्याने उत्सवाला इथूनच सुरुवात करावी. भाचाही इथे दोन तास टिकेल असा माझा अंदाज होता, कारण पडदा असतो.

पिफ: स्वस्त, पण रांगेचा

पिफ 2002 मध्ये सुरू झाला. डॉ. जब्बार पटेल त्याचे प्रमुख. दरांचा हिशेब केला तर सर्वांत स्वस्त करमणूक हीच. पूर्ण महोत्सवाची नोंदणी अलीकडे आठशेच्या घरात असते, आणि दिवसाला चार-पाच चित्रपट बघता येतात. दोन व्यावसायिक नाटकांच्या पैशांत आठवडाभर जगाचा सिनेमा. महोत्सवात मराठी चित्रपटांची स्वतंत्र स्पर्धा आहे. तिचा पुरस्कार संत तुकारामांच्या नावाने, आणि जागतिक स्पर्धेचा प्रभातच्या नावाने दिला जातो. ही नावं उगाच नाहीत. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, आणि प्रभातच्या स्टुडिओच्या जागेतच 1960 पासून आजची चित्रपटसंस्था उभी आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावरून जाताना डोकावून या, तिथेच पुढे चित्रपट संग्रहालयही आहे.

मग अडचण कुठे? ओळखपत्र गळ्यात अडकवलं म्हणजे खुर्ची पक्की, असं नाही. ज्याच्याबद्दल बोलबाला आहे अशा चित्रपटाला तासभर आधी जाऊन उभं राहायची तयारी हवी. रांगेतला गप्पांचा रस काही लोकांना चित्रपटापेक्षा जास्त आवडतो, माझा एक मित्र तर त्यासाठीच येतो. पण आत्याचे गुडघे रांगेत बसणार नाहीत, आणि इंग्रजी उपशीर्षकं भराभर वाचायची तर तिला चष्मा सारखा वर-खाली करावा लागतो. बैठकीत पाय दुखले तर निदान ऐकू येत राहतं. इथे डोळे मिटले की गोष्टच निसटते.

आणि भाच्याचा प्रश्न तर मुळातच निकालात निघाला. महोत्सवातल्या चित्रपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसतं, म्हणून अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. मुलांना घेऊन निघणारे कित्येक पालक हे आधी पाहत नाहीत. दोन वर्षांनी तो एकटाच येईल आणि आपल्याला कोणी विचारणार नाही, ते वेगळं.

एकटा प्रवासी, वय पंचवीस-तीस, चार दिवस मोकळे, लॅपटॉप बंद ठेवायची हिंमत: अशाने सवाई सोडून पिफच धरावा. वेळापत्रक आदल्या दिवशी बघायचं, दिवसाला तीनच चित्रपट ठरवायचे आणि एक अजिबात माहीत नसलेल्या देशाचा घ्यायचा. चौथ्या चित्रपटाला डोकं भरतं आणि नंतर कुठल्या सिनेमातली आजी कुठल्या सिनेमात मेली, हेही आठवत नाही.

नाटक: अडीच तासांत मोकळे

नाटकाला उत्सवाचा थाट नाही, म्हणून ते या तुलनेत मागे पडतं. पण रजा कमी आणि माणसं निरनिराळ्या वयाची असतील तर त्याच्यासारखा सोयीचा मार्ग नाही. दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ. हवी ती वेळ घ्या, तिकीट फोनवर काढा, खुर्ची ठरलेली. बालगंधर्व रंगमंदिराची पायाभरणी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते 1962 मध्ये झाली, दार उघडलं 1968 मध्ये. हजाराच्या आसपास आसनं आहेत. संभाजी उद्यानाचं मेट्रो स्थानक अगदी जवळ. मध्यंतरातला बटाटेवडा आत्याला नाटकापेक्षा लख्ख आठवतो.

व्यावसायिक नाटकाची तिकिटं मात्र चार माणसांची काढली की खिशाला जाणवतात. ज्यांना थोडी जोखीम चालते त्यांनी राज्य नाट्य स्पर्धेच्या पुणे केंद्रावर जाऊन यावं. हौशी संघांची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रंगते आणि तिकीट नाममात्र असतं. नाटक कधी कधी भयंकर असतं, खरंच भयंकर. कधी मात्र बँकेत काम करणारा कोणी नट असा उभा राहतो की पैसे दिल्याची लाज वाटते, इतके कमी दिलेले असतात. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंचही असाच. जागा लहान आणि प्रेक्षक इतका जवळ की नटाने घाम पुसलेला दिसतो. भाच्याला मोबाईल बाहेर काढायची सोय उरत नाही. त्याच्यासाठी मी तेच सुचवलं.

सवाईच्या सुमारास फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सवही असतो, 2023 पासून. प्रवेश मोफत. मुख्य बेत म्हणून तो धरू नका, पण दुपारचे दोन तास छान जातात आणि मुलांना सोडून देता येतं. डिसेंबरच्या उत्तरार्धात भीमथडी जत्राही भरते. ती खाण्याची, गोधड्यांची आणि घोंगड्यांची. कलेच्या नावाखाली तिथे जाऊन शेवटी सगळे मांडे खातात, आणि त्यात काही चूक नाही.

तर ताईचं काय ठरलं? पिफ बाद. भाच्याचं वय आणि आत्याचे गुडघे, दोन्ही विरोधात. सवाईचा गुरुवार ते रविवार धरला, पण चारही दिवस मांडवात नाही. गुरुवारी प्रवासाचा शीण उतरवून संध्याकाळी सुदर्शन, तेही ताई आणि भाचा. शुक्रवारी सकाळी सवाई गंधर्व स्मारक, दुपारी पुस्तकं. शनिवारी साडेपाचला बालगंधर्वला सगळे. रविवारी दुपारपासून मुकुंदनगर, कडेच्या चार खुर्च्या.

आत्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खुर्ची कशाला? एक सतरंजी घेऊन ये, मी खालीच बसेन." खुर्चीची तिकिटं काढली आहेत. सतरंजीही काढून ठेवली आहे.